एकतीस जणांचे बायोडाटा

दिपमालाताईंसमोर मी पहिल्यांदा बसले, तेव्हा त्यांनी मला घेतलं नाही.

२०१९ मधली गोष्ट. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात एचआर सहायकाची जागा होती. मी मोनाली, धरणगावची. एमबीए होऊन दोन महिने झाले होते आणि हा माझा चौथा इंटरव्ह्यू. केबिनमध्ये एक ठेंगणीशी बाई बसली होती, चष्मा कपाळावर सरकवलेला. टेबलावर पाण्याचे दोन ग्लास होते, त्यातला एक त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"आधी पाणी पी. गाडीला गर्दी होती का?"

"हो मॅडम. उभीच आले."

"घरून निघताना आईला काय सांगून आलीस?"

मी तयारी केलेल्या प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. मग जे खरं होतं तेच सांगितलं. "लागली तर पेढे आणते, नाही लागली तर येताना भाजी घेऊन येते."

त्या मोठ्याने हसल्या. नंतर अर्धा तास बऱ्याच गोष्टी विचारल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "शनिवारी दुपारी चारपर्यंत मी फोन करीन. हो असलं तरी, नाही असलं तरी."

शनिवारी पावणेचारला फोन आला. "मोनाली, मी दिपमाला तायडे. तुझं झालं नाही. जी मुलगी घेतली तिला एक्सेल चांगलं येतं, तुला जेमतेम येतं. बाकी तू तिच्यापेक्षा बरी बोललीस. दोन-तीन महिने एक्सेल शीक. इथे पुन्हा जागा निघेल असं मी म्हणत नाही, पण कुठेतरी निघेल." मी "थँक्यू" म्हटलं. फोन ठेवला आणि रडले. मग लक्षात आलं की आधीच्या तीन ठिकाणांहून अजून कोणीच काही कळवलेलं नाही, आणि मी रोज फोन उशाशी घेऊन झोपते आहे. त्या शनिवारी मात्र फोन कपाटावर ठेवून झोपले. सोमवारी एक्सेलच्या क्लासला नाव घातलं.

ती दुसरी मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली आणि जानेवारीत ताईंनी मला पुन्हा बोलावलं. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काम केलं. पहिले वर्षभर त्यांना मॅडम म्हणत होते. कारखान्यात सगळे ताई म्हणायचे, मग मीही म्हणू लागले.

दर शनिवारी दुपारी त्या केबिनचं दार लोटून घेत आणि ज्यांना घेतलं नाही अशांना एकेक फोन करत. कधी चार, कधी पंधरा. मला शेजारी बसवून ऐकायला लावत. लोक चिडायचे, रडायचे, कोणी उलट बोलायचं. एका बापाने एकदा त्यांना दहा मिनिटं वाट्टेल ते ऐकवलं. ताईंनी ऐकून घेतलं, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "त्याला कुठेतरी बोलायचंच होतं. पोराला बोलला असता. मला बोलला ते बरं."

मी एकदा विचारलं, "ताई, एवढा वेळ कशाला? एक मेसेज टाकून दिला तर?"

तेव्हा त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली.

ताई पाचोरा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. वडील लवकर गेले. आई, द्रौपदाबाई, शेतमजुरी करायची. दिपमाला शिकली, एमएसडब्ल्यू झाली. त्यांच्या वस्तीतली तेवढं शिकलेली पहिली मुलगी. नंतर दोन वर्षं नोकरी शोधत होती. गावात फोन एका दुकानात होता, तोच नंबर ती सगळीकडे देऊन यायची आणि मग संध्याकाळ-संध्याकाळ दुकानाच्या ओट्यावर बसून राहायची. धुळ्याला एका ठिकाणी इंटरव्ह्यू फार छान झाला. साहेब म्हणाले, "कळवतो." महिना गेला. न राहवून ती बस बदलत पुन्हा धुळ्याला गेली. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "अहो बाई, ती जागा त्याच दिवशी भरली."

"नोकरी मिळाली नाही याचा मला राग आला नाही," ताई म्हणाल्या. "महिनाभर माय रोज कामावरून आली की आधी माझ्या तोंडाकडे बघायची. त्या महिन्याचा राग आला. एका फोनने तो महिना वाचला असता."

पुढे २००५ मध्ये या कारखान्याच्या टाइम ऑफिसला त्या लागल्या. हजेरी लिहिण्यापासून सुरुवात करून एचआर मॅनेजर झाल्या. लग्न झालं, जळगावातच पिंप्राळ्यात घर झालं. त्यांचे मिस्टर प्रशीलभाऊ यांचं तिथेच पंखे आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगी सपना कॉलेजला आणि द्रौपदाबाई घरात. असं सगळं नीट चाललेलं होतं.

२०२४ च्या जानेवारीत शेठनी ताईंना आत बोलावलं. जुन्या लूमचं युनिट बंद करायचं ठरलं होतं. तिथल्या चटयांना पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. नवं युनिट चालू राहणार होतं, पण तिथल्या मशीनला माणसं थोडी लागतात, आणि ती आधीच भरलेली होती. तीन महिन्यांत एकतीस माणसं कमी होणार होती.

"लोकांना तुम्ही सांगा," शेठ म्हणाले. "तुमचं ऐकतात."

"शेठ, सांगायला तुम्हीच या," ताई म्हणाल्या. "मी बाजूला उभी राहते. वीस-पंचवीस वर्षं जे तुमच्यासाठी राबले, त्यांना हे तुमच्या तोंडून कळायला पाहिजे."

शेठ माणूस वाईट नव्हते. ते आले. डायनिंग हॉलमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. कायद्याप्रमाणे जे द्यायचं ते देऊ म्हणाले, आणि दिलंही. पॅकिंगमधल्या झुंबरबाईंनी फक्त विचारलं, "म्हणजे एप्रिलमधी आमी यायचं नाही?"

"नाही," शेठ म्हणाले, आणि खाली बघू लागले.

ताईंनी त्यांच्याकडून एकच गोष्ट मागून घेतली. तीन महिने रोज दुपारी तीन ते पाच डायनिंग हॉल आणि ती एकतीस माणसं, कामाच्या वेळेत. शेठ हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसलो. ताई प्रत्येकाचा बायोडाटा लिहिणार होत्या. एकतीसमधल्या एकानेही आयुष्यात कधी बायोडाटा केलेला नव्हता. कोणी मामाच्या ओळखीने लागलेलं, कोणी गेटवर उभं राहून. पहिल्या दिवशी आले लोटनभाऊ. वय बावन्न, लूम ऑपरेटर, गाव धुळ्याकडचं. चोवीस वर्षं जळगावात राहूनही बोलणं पक्कं अहिराणी.

"लोटनभाऊ, काय काय येतं तुम्हाला?"

"माले काय येस, ताई? मशीन चालू करस, बंद करस. बस."

ताईंनी लॅपटॉप मिटला. "चला, दाखवा."

त्या त्यांच्याबरोबर शेडमध्ये गेल्या आणि शिफ्ट सुटेपर्यंत लूमजवळ उभ्या राहिल्या. प्लास्टिकचा दाणा वितळवून त्याच्या बारीक नळ्या निघतात, त्या नळ्या लूमवर दोऱ्यात विणल्या की चटई होते. लोटनभाऊंनी नळ्यांच्या नव्या जुडग्यातली एक नळी उचलली, बोटांत चोळली आणि बाजूला टाकली.

"ही का टाकली?"

"जुना दाणा जास्त शे हिच्यात. तासाभरात तुटाले लागी."

"कसं कळलं?"

"बोटाला कळस."

ताईंनी ते जुडगं मुद्दाम लूमवर लावायला सांगितलं. पन्नास मिनिटांत तीन नळ्या तुटल्या. मग त्यांनी एकेक विचारत नेलं. लूम बिघडली तर फिटरला कधी बोलावता? वर्षातून एकदोनदा, बाकी स्वतःच बघतो. नवीन पोरांना कोण शिकवतं? मीच. किती जणांना शिकवलं असेल? लोटनभाऊ बोटं मोजत राहिले आणि नऊवर थांबले. त्यातले दोघे आता दुसऱ्या कारखान्यांत सुपरवायझर होते.

दुसऱ्या दिवशी छापील कागद त्यांच्या हातात दिला. ते ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेले. कच्च्या मालाची प्रत हाताने ओळखतात. लूमची किरकोळ दुरुस्ती स्वतः करतात. नऊ कामगारांना प्रशिक्षण दिले. वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"हाऊ मी शे का?"

"तुम्हीच आहात, लोटनभाऊ. मी एक शब्द वाढवलेला नाही."

त्यांनी कागदाची घडी केली नाही. सरळ धरून, दुमडणार नाही अशा बेताने तो सायकलच्या कॅरिअरला जेवणाच्या डब्याखाली लावून नेला.

असे एकतीस कागद झाले. मी एमबीएला बायोडाटा कसा लिहायचा ते शिकले होते. पण माणसाला त्याच्याच कामाबद्दल कसं विचारायचं, हे त्या हॉलमध्ये शिकले. झुंबरबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण चटईची किनार आणि रंग बघून तो माल नागपूरचा की इंदूरचा हे त्या सांगायच्या, आणि सोळा वर्षांत त्यांच्या हातून माल चुकीच्या गाडीत गेला नव्हता. हे कोणाला ठाऊकच नव्हतं. त्यांनाही त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

मग इंटरव्ह्यूचा सराव सुरू झाला. झुंबरबाईंना प्रश्न विचारला की त्या पदर तोंडाला लावून हसायच्या, उत्तर काही यायचं नाही. ताईंनी एके दिवशी त्यांनाच खुर्चीत बसवलं. "आज तुम्ही साहेब. लोटनभाऊंना तुम्ही विचारायचं." झुंबरबाई सावरून बसल्या. ताईंचा चष्मा मागून घेऊन कपाळावर चढवला, ताई करतात तसा. सगळा हॉल हसला.

"नाव काय तुमचं?"

"लोटन."

"सोळा वर्षं माह्याकडून चुना मागून खाल्ला, ते परत कधी करणार?"

हसू ओसरेना. मग झुंबरबाईंनी एकदम खरा प्रश्न टाकला. "आधीची नोकरी का सोडली?"

लोटनभाऊंनी ताईंनी सांगितल्याप्रमाणे हात मांडीवर ठेवले. "मी सोडी नई. तीच माले सोडी गई."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. ताई उठून पुढे आल्या. "हे विचारणार, सगळ्यांना विचारणार," त्या म्हणाल्या. "तेव्हा मान खाली घालायची नाही. युनिट बंद झालं, एवढं सरळ सांगायचं. तुमची चूक असल्यासारखं सांगाल तर समोरच्याला चूकच वाटेल. म्हणा बघू सगळे." आणि मग एकतीस माणसांनी शाळेत म्हणतात तसं एका सुरात म्हटलं, "युनिट बंद झालं."

सकाळी ताई स्कूटीवर फाइल घेऊन एमआयडीसीतल्या एकेका गेटवर जायच्या. दालमिल, पाइपवाले, मसालेवाले. ओळख असो नसो. मार्चअखेरपर्यंत बावीस जणांचं कुठे ना कुठे जमलं. झुंबरबाई एका मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या. चौघांनी गावी शेती बघायची ठरवली, दोघे सुरतेला गेले. राहिले तिघे, त्यात लोटनभाऊ. तीन ठिकाणी त्यांचं वय ऐकूनच नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणाहून आल्यावर ताईंनी फाइल टेबलावर आपटली. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "पन्नाशीच्या आतला पाहिजे म्हणे! त्याचा हात बघा ना एकदा, वय काय बघता?"

या सगळ्या धावपळीत मला एक प्रश्न पडायला हवा होता आणि तो पडला नव्हता. मार्चच्या मध्यावर पडला. निम्मा कारखानाच बंद होणार, तर एचआरला दोन माणसं कशाला लागतील?

मी केबिनमध्ये गेले. "ताई, एप्रिलपासून आपल्यातलं कोण राहणार?"

त्यांनी चष्मा पुसला. "तू."

"आणि तुम्ही?"

"माझी पोस्ट काढली. जानेवारीतच सांगितलंय शेठनी."

मला राग आला. शेठचाही आला आणि त्यांचाही. दोन महिने त्या एकतीस माणसांना घरी काही लपवू नका, बायकोला सांगा, पोरांना सांगा म्हणत होत्या, आणि स्वतः? मी विचारलं, "घरी माहीत आहे?"

"ह्यांना माहीत आहे. मायला नाही सांगितलं."

"का?"

त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मग म्हणाल्या, "लाज वाटते गं." एवढंच.

त्यांनी स्वतःचा बायोडाटा केला आहे का, असं मी चार दिवसांनी विचारलं. केला म्हणाल्या. प्रिंटरवर मला तो सापडला. नाव, पत्ता, शिक्षण, आणि खाली एक ओळ: २००५ पासून आजपर्यंत एकाच कंपनीत कार्यरत. दुसरं काही नाही. मी तो कागद घेऊन दुपारी हॉलमध्ये गेले. ताई त्या दिवशी बाहेर होत्या. मी सगळ्यांना तो वाचून दाखवला आणि सांगितलं की ताईंचीही नोकरी गेली आहे.

मग झुंबरबाई म्हणाल्या, "बस खाली. लिही."

त्या दुपारी मी जवळजवळ दोन तास लिहीत होते. कोणी सांगितलं, लूममध्ये माझं बोट गेलं तेव्हा ताई माझ्यासोबत दवाखान्यात होत्या आणि त्याच आठवड्यात सगळ्या मशीनला जाळी बसवून घेतली. कोणी सांगितलं, बायांसाठी वेगळी खोली त्यांनी मागून घेतली. लोटनभाऊ म्हणाले, पीएफच्या कागदात माझं नाव चुकलं होतं, ताईनं नाशिकला दोन खेपा मारल्या. कारखान्यात चौदा वर्षं एकही संप झाला नव्हता. तक्रार तिथवर जायच्या आधीच ताई ऐकून घ्यायच्या म्हणून झाला नाही, हेही कामगारांनीच सांगितलं. मी ते सगळं ऑफिसच्या भाषेत बसवलं आणि संध्याकाळी त्यांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं आणि चिडल्या. "हे असलं कोणी वाचत नाही, मोनाली. दीड पानाच्या वर जायचं नाही, किती वेळा सांगितलं?" लाल पेन घेऊन त्यांनी अर्धा मजकूर खोडला, माझ्या दोन चुका सुधारल्या. उरलेला अर्धा मात्र ठेवला. मी दारातून वळून पाहिलं तर तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचत होत्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धुळ्याच्या एका पाइप कारखान्यातून बोलावणं आलं. त्यांना कच्चा माल तपासायला जाणता माणूस हवा होता, आणि एचआरमध्येही एक जागा होती. ताईंनी दोन्हींसाठी कागद पाठवले होते. एकाच दिवशी दोघांना बोलावलं. सकाळच्या एसटीने ताई आणि लोटनभाऊ जळगावहून निघाले. पुढचं सगळं मला ताईंनीच नंतर सांगितलं.

एरंडोल गेलं तरी ताई हातातली फाइल सारखी उघडून बघत होत्या. एकोणीस वर्षांनी त्या टेबलाच्या अलीकडे बसणार होत्या. शेवटी लोटनभाऊंनी फाइल त्यांच्या हातातून काढून घेतली.

"ताई, घाबरू नका. घरमा बोलतस तसं बोला. आणि हात मांडीवर ठेवा, तुम्हीच सांगं व्हतं ना?"

पारोळ्याला बस थांबली. लोटनभाऊ खाली उतरून दोन चहा घेऊन आले. मग पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत त्यांनी ताईंचा सराव घेतला. आधीची नोकरी का सोडली? युनिट बंद झालं. तुम्हाला काय येतं? इथे ताई अडखळल्या की ते म्हणत, "पुन्हा सांगा, जरा मोठ्यानं."

लोटनभाऊंचं काम अर्ध्या तासात झालं. त्यांच्यासमोर दाण्याच्या चार पिशव्या ठेवल्या, त्यांनी चारही बरोबर ओळखल्या. एक तारखेपासून या, असं त्यांना तिथेच सांगितलं.

ताईंचा इंटरव्ह्यू हितेंद्र नावाच्या तिशीतल्या मॅनेजरने घेतला. माणूस सभ्य होता. विचारलं, "मॅडम, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" ताईंना हसू आलं. "साहेब, पाच वर्षांनी मी पन्नाशीला टेकलेली असेन. तेव्हाही माणसांत बसून काम करत असावं, एवढंच बघते." तोही हसला. चाळीस मिनिटं चांगली गेली. शेवटी त्याने फाइल मिटली आणि म्हणाला, "ठीक आहे मॅडम, आम्ही कळवतो."

ताई उठल्या नाहीत. "हितेंद्रसाहेब, नाही असेल तर आत्ताच सांगा. मी ऐकून जाते. मला वाईट वाटेल, पण ते इथेच वाटू दे, घरी न्यायला नको."

हितेंद्र गोंधळला. मग सरळ बोलला. "मॅडम, ही जागा माझ्या हाताखालची आहे. तुमचा अनुभव माझ्या दुप्पट आहे. मालकांना इथे नवीन मुलगा घडवायचा आहे. मला तुम्हाला 'हे टाइप करा, ते टाइप करा' म्हणायला जमणार नाही."

"बरं झालं सांगितलंत," ताई म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या.

लोटनभाऊ बाहेर थांबले होते. ताईंचं तोंड बघून त्यांनी काही विचारलं नाही. धुळ्यात राहणाऱ्या आपल्या मुलाकडे जायचं सोडून ते ताईंना बसस्टँडवर पोचवायला आले, खिडकीची जागा धरून दिली आणि बस हलेपर्यंत खाली उभे राहिले. "बठ्ठं चांगलं व्हई, ताई," सगळं चांगलं होईल, एवढंच म्हणाले. ताई म्हणतात, त्या परतीच्या प्रवासात त्या पारोळ्यापर्यंत रडल्या आणि नंतर झोपल्या.

त्यानंतरचे चार महिने त्यांना कठीण गेले. त्या अर्ज करत होत्या, इंटरव्ह्यूला जात होत्या. दोन ठिकाणी त्यांना वय आडवं आलं, एका ठिकाणी नवं सॉफ्टवेअर. मी रविवारी पिंप्राळ्याला त्यांच्याकडे जायचे. मेमध्ये गेले तर गच्चीवर बिबड्यांचं काम चाललं होतं. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे हे पापड खानदेशात घरोघरी करतात. द्रौपदाबाई कापडावर थापत होत्या, ताई वाळलेल्या सोडवत होत्या. मायला अजूनही 'सुट्टी आहे' असंच सांगितलेलं होतं.

द्रौपदाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिची सुट्टी लई लांबली व माय. एवढी सुट्टी तं सरकारी साह्यबालाबी नसते."

ताईंचा हात थांबला.

"मले काय कळत नाही व्हय?" द्रौपदाबाई थापता थापताच बोलत होत्या. "दिपे, मी तीस वर्सं सकाळी उठून गावातल्या पारापाशी उभी राहायची. मुकादम यायचा. तू चल, तू चल, करत बोटं दाखवायचा. कधी माह्याकडं बोट यायचं, कधी नाही. ज्या दिशी नाही आलं त्या दिशी मी घरी येऊन चूल पेटवायचीच ना? तुले न्हाऊ घालायचीच ना? बोट नाही आलं म्हणून मी काय कमी झाली व्हती?"

"माय, तुला कधीपासून माहीत आहे?"

"जवापासून तू सकाळी डोकशाला तेल लावायला लागली. कामावर जाणारी बाई सकाळच्या पारी तेल लावत बसत नाही."

आधी मी हसले, मग ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी ओल्या पिठात हात माखलेल्या मायला मिठी मारली. एक कापड सगळं बिघडलं. द्रौपदाबाईंनी दोघींना रागावून ते कापड पुन्हा थापायला बसवलं.

त्या दिवसानंतर ताई बदलल्या. अर्ज तेवढेच करत होत्या, पण आता शेजारपाजारच्या बायकांना, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना बिनधास्त सांगू लागल्या, "नोकरी शोधतेय, कुठे असेल तर सांगा." लोक सांगूही लागले.

काम मिळालं ते ऑगस्टमध्ये, आणि सांगितलं हितेंद्रने. धुळ्यातल्या एका तंत्रशिक्षणाच्या कॉलेजला असा माणूस हवा होता, जो मुलामुलींना नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करील आणि कंपन्यांना कॉलेजवर आणील. हितेंद्रचा मित्र तिथे शिकवायचा. त्याने विचारल्यावर हितेंद्रला पहिलं नाव ताईंचं आठवलं.

आता ताईंनी धुळ्याच्या देवपूर भागात एक खोली घेतली आहे. सोमवार ते शुक्रवार धुळ्याला असतात, शनिवार-रविवार पिंप्राळ्याला. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं त्यांच्यासमोर बसतात. काही शेतकऱ्यांची, काही मजुरांची. वडील काय करतात विचारलं की 'काही नाही, शेती करतात' असं म्हणणारी. त्यातलं 'काही नाही' काढायलाच पहिला महिना जातो, असं ताई म्हणतात.

यंदा मार्चमध्ये मी त्यांच्या खोलीवर गेले होते. त्यांनी झणझणीत शेवभाजी केली होती. जेवता जेवता मी सांगितलं, "ताई, मला नाशिकहून ऑफर आली आहे. कंपनी मोठी आहे. पण शेठना काय सांगू? आणि आई एकटी पडेल. आणि मला तिथलं जमेल का?"

ताईंनी माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली. "तीन प्रश्न विचारलेस. शेठना महिनाभर आधी लेखी सांग. आईला विचार, तिच्या वतीने तूच ठरवू नकोस. आणि तिसऱ्याचं उत्तर तिथे गेल्याशिवाय तुलाही कळणार नाही, मलाही नाही."

"म्हणजे जाऊ?"

"मला विचारतेस म्हणजे तू मनातून निघालेलीच आहेस." मग थोडं थांबून म्हणाल्या, "फक्त एक ऐक. पहिले सहा महिने तिथे कोणाला 'आमच्या जळगावात असं असतं' हे सांगू नकोस. लोकांना त्याचा फार राग येतो. मी धुळ्याला आल्यावर रोज म्हणायचे, मग एक दिवस शिपायानेच मला हात जोडले."

मी जूनमध्ये नाशिकला रुजू झाले. तिसऱ्याच दिवशी, शनिवारी, कॅन्टीनमध्ये वांग्याच्या भरितावरून माझ्या तोंडून 'आमच्या जळगावात' निघून गेलंच. संध्याकाळी फोन करून ताईंना सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की शेवटी फोन त्यांच्या मुलीने घेतला आणि विचारलं, "मोनालीताई, आईला काय सांगितलंस गं तू?"